यंत्राचा सातबारा

कतारमध्ये दहापैकी जवळपास नऊ माणसं बाहेरून आलेली. 2020 मध्ये जुन्या मालकाच्या एनओसीची अट गेली आणि कंपनी बदलणं सोपं झालं. आपल्यातल्या आयटीवाल्यांना त्याची दुसरी बाजू ठाऊक आहे. सर्व्हर ज्यानं उभा केला तो पुण्याला परतलेला, आणि मशीनवर काय काय केलं ते सगळं त्याच्या डोक्यात. फोन लावावा तर इथे रात्रीचे नऊ, तिथे साडेअकरा.

या दुखण्यावर निक्सओएस नावाची लिनक्स प्रणाली हा एक इलाज आहे. तिचा पाया असलेल्या निक्सवर एल्को डोल्स्ट्रा यांनी 2006 मध्ये उट्रेख्त विद्यापीठात पीएचडी केली. एरवी आपण मशीनला एकेक हुकूम देतो: हे टाक, ती फाइल बदल. इथे कसं मशीन हवं ते एका फाइलीत लिहायचं. कोणते प्रोग्रॅम, कोण वापरणार, फायरवॉलमध्ये कोणता पोर्ट उघडा, घड्याळ ‘एशिया/कतार’. मग एक आज्ञा दिली की त्याबरहुकूम प्रणाली घडते.

ही फाइल म्हणजे मशीनचा सातबाराच, पण एक फरक आहे. सातबाऱ्यात जमीन आधी आणि कागद मागून, म्हणून दोन्ही जुळतीलच याचा भरवसा नसतो. इथे कागद आधी, जमीन त्यातून तयार होते. फेरफारही जपले जातात: प्रत्येक बदलाची नवी पिढी बनते, जुन्या पिढ्या सुरुवातीच्या मेनूत दिसतात. अपडेट बिघडलं तर कालची पिढी निवडून मशीन चालू करा. हे जमतं, कारण प्रत्येक पॅकेज स्वतःच्या फोल्डरात राहतं. ते कशाकशापासून बनलं यावरून काढलेला सांकेतिक आकडा त्या फोल्डरच्या नावात असतो, त्यामुळे दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. डिस्क मात्र भरत जाते. जुन्या पिढ्या अधूनमधून झाडाव्या लागतात.

आता कुरकुर. निक्सची भाषा विचित्र आहे, चुका दाखवणारे संदेश त्याहून विचित्र. बाहेरून उतरवलेला तयार प्रोग्रॅम बहुधा चालत नाही, कारण नेहमीच्या जागी लायब्ररी सापडत नाहीत. डेटाबेसमधला मजकूर या फाइलीत येत नाही, त्याचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. पासवर्ड तर या फाइलीत लिहूच नका. तिथलं लिहिलेलं निक्सच्या भांडारात, म्हणजे पॅकेजांचे फोल्डर असतात तिथे, उतरतं आणि ते भांडार मशीनवरच्या कुणालाही वाचता येतं. आणि नुसती फाइल नेली म्हणजे तेच मशीन मिळेल असं नाही. वर्षातून दोनदा, मे आणि नोव्हेंबरमध्ये, नवी आवृत्ती येते. म्हणून नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइलही सोबत हवी.

घरच्या एकट्या लॅपटॉपसाठी एवढा खटाटोप मला जास्तच वाटतो. कचेरीतल्या सर्व्हरसाठी नाही. तेव्हा पुढची नोकरी धरण्याआधी या दोन्ही फाइली गिटमध्ये ठेवा आणि हॅंडओव्हरच्या कागदांत त्यांचा पत्ता लिहून द्या.