चित्रपट पाहून आलेला माणूस
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



शंभर वर्षे पुस्तकांची देवघेव करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर चित्रपटाचा विषय निघावा, आणि तोही चित्रपट काढणाऱ्यांचा नसून तिकीट काढून तो पाहणाऱ्यांच्या मतांचा, याचे काहींना नवल वाटेल. बडोद्यात तरी ते वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि संस्थानात मोफत वाचनालयांचे जाळे विणले गेले. त्या ग्रंथालय खात्याला दृश्यशिक्षणाची एक शाखा होती. जादूचा कंदील आणि चलच्चित्रांचे यंत्र घेऊन तिची माणसे खेडोपाडी जात आणि अक्षरओळख नसलेल्यांनाही जगाचे दर्शन घडवीत. त्याच्याही आधी, १८९०च्या सुमारास, येथील कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके नावाचा एक विद्यार्थी चित्रकला आणि छायाचित्रण शिकत होता. पुढे १९१३ साली त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. ग्रंथालय आणि चित्रपट यांचे नाते या नगरीला परके नाही.

आजचा विषय मात्र फाळक्यांचा नाही. तो त्यांच्या समोर अंधारात बसलेल्या माणसाचा आहे. खेळ सुटल्यावर तो बाहेर येतो, चप्पल शोधतो, रिक्षा थांबवतो, आणि घरी पोहोचल्यावर कोणीतरी विचारते, “कसा होता?” त्या प्रश्नाला तो जे उत्तर देतो, त्या उत्तराचा हा विचार आहे. हा माणूस समीक्षक नाही. छायालेखन, संकलन, पटकथा हे शब्द त्याच्या बोलण्यात येत नाहीत. त्याला आपले मत छापून आणायचे नसते. तरीही चित्रपटाचे भवितव्य ज्यांच्या हाती असते, त्यांत त्याचा वाटा सर्वांत मोठा असतो.

या माणसाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची, म्हणजे तो सफल झाला की नाही याची, चर्चा येते. तेथे कसोटी प्रेक्षकाच्या ठायी शोधली आहे. सिद्धी दोन प्रकारची. पहिली मानुषी: स्मित, हास्य, वाहवा, हळहळ, अंगावर उठलेले रोमांच, आसनावरून उठणे. दुसरी दैवी: प्रेक्षागृह भरलेले आहे, पण आवाज नाही, चळवळ नाही. भरत आणखी एक गोष्ट स्पष्टपणे मान्य करतो. आदर्श प्रेक्षकाचे सर्व गुण एकाच माणसात सापडत नाहीत. तरुणाला एक रुचते, वृद्धाला दुसरे, शूराला तिसरे. रुचिभेद हा त्याच्या लेखी प्रेक्षकाचा दोष नाही, वस्तुस्थिती आहे. अभिनवगुप्ताच्या टीकेसह या ग्रंथाचा पहिला खंड १९२६ साली गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून बडोद्यासच प्रसिद्ध झाला, हा योग येथे सांगण्याजोगा आहे.

भरताची ही कसोटी चित्रपटाला कशी लागू पडते, याची उदाहरणे विपुल आहेत. १९१७ साली फाळक्यांचा ‘लंकादहन’ आला. राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढीत, असे सांगितले जाते. ही मानुषी सिद्धी. त्या प्रेक्षकाला चित्रपट कसा वाटला, हे वेगळे विचारण्याची गरजच नव्हती. १९३६च्या अखेरीस ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ आला, मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरवाने उल्लेख झाला. गावाकडून आलेला वारकरी आणि युरोपातील परीक्षक या दोघांनी एकाच कृतीला मान डोलावल्याचे असे प्रसंग विरळा.

दैवी सिद्धीचे उदाहरण अनपेक्षित ठिकाणी सापडते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला तेव्हा आरंभीची परीक्षणे थंड होती. प्रेक्षक टाळ्या वाजवीत नव्हते, हसत नव्हते. निर्माते धास्तावले. त्या वेळी मुंबईतील एका चित्रपटगृहाच्या चालकाने धीर दिल्याची हकीकत प्रसिद्ध आहे: मध्यंतरात उपाहारगृहातील विक्री घटली आहे, कारण लोक भारावून जागचे हलत नाहीत. मौनाचा अर्थ नापसंती असा लावला गेला होता. ते मौन वस्तुतः पसंतीचे होते. पुढे तो चित्रपट मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त पाच वर्षे चालला. २०१६ साली ‘सैराट’च्या शेवटच्या दृश्यात आवाज थांबतो, तेव्हा चित्रपटगृहांतही तीच शांतता पसरत असे. तोवर गाण्यांवर नाचणारा तोच प्रेक्षक मुकाट्याने बाहेर पडे. त्याचे मत त्या मुकाट्याने जाण्यात होते.

येथे एक भेद नीट ध्यानी घेतला पाहिजे. समीक्षक निवाडा देतो. सामान्य प्रेक्षक साक्ष देतो. न्यायाधीशाकडून कायद्याचे ज्ञान अपेक्षित असते, साक्षीदाराकडून अपेक्षा एवढीच की त्याने पाहिले ते सांगावे, न पाहिलेले सांगू नये. सामान्य प्रेक्षकाच्या मतावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील बहुतेक त्याच्याकडे न्यायाधीश म्हणून पाहिल्यामुळे उद्भवतात. १९९१ साली ‘माहेरची साडी’ आला. सुशिक्षितांनी त्याच्या रडारडीची यथेच्छ टिंगल केली आणि स्त्रियांनी चित्रपटगृहे भरून टाकली. कलाकृती म्हणून तो चित्रपट थोर होता की नाही, हा निवाड्याचा प्रश्न. त्या अंधारात डोळ्यांना पदर लावणाऱ्या हजारो स्त्रिया सासर-माहेराविषयी काय सांगत होत्या, हा साक्षीचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, तरी दुसऱ्याचे मोल कमी होत नाही. टिंगल करणाऱ्यांनी चित्रपट तपासला. त्या स्त्रियांना मात्र फारसे कोणी काही विचारले नाही.

साक्ष तपासायची तर साक्षीदाराची भाषा कळली पाहिजे. आपल्या प्रेक्षकाची भाषा मोजक्या वाक्यांची आहे, पण प्रत्येक वाक्याला अर्थ आहे. “एकदा बघायला हरकत नाही” हे त्यांतील सर्वांत प्रचलित वाक्य. त्यात शिष्टाचार आहे, सावधपणा आहे, आणि शिफारस करून फसल्याचे खापर आपल्या माथी येऊ नये याची तजवीजही आहे. “मध्यंतरानंतर ढेपाळला” हे वाक्य पटकथेविषयीचे अचूक विधान आहे; जाणकार तेच चार पानांत सांगतो. “घरच्यांबरोबर बघण्यासारखा आहे” यात चित्रपटापेक्षा घराची माहिती अधिक असते. “पैसे वसूल” म्हणणारा स्वतःला गिऱ्हाईक मानतो आणि ते लपवीत नाही. “गाणी चांगली आहेत” या वाक्यात उरलेल्या गोष्टींविषयी केलेले सौजन्यपूर्ण मौन असते. आणि “तू स्वतःच बघ, मी काही सांगत नाही” हे वाक्य जेव्हा येते, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याने दुसऱ्याच दिवशी तिकीट काढावे.

ग्रंथालयाच्या सभासदांचे एक खास वाक्य आहे: “पुस्तकात असे नव्हते.” हे मत देण्याचा अधिकार केवळ वाचकाला पोहोचतो. ‘न पटणारी गोष्ट’ ही नारायण हरी आपटे यांची कादंबरी, आणि तिच्यावरून १९३७ साली शांतारामबापूंनी काढलेला ‘कुंकू’. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आणि आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा चित्रपट. आनंद यादवांचा ‘नटरंग’ आणि २०१० सालचा त्याच नावाचा चित्रपट. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आणि २०१२ सालचा पडदा. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ आणि २०१३ सालचा तिचा चित्रावतार. यांतील प्रत्येक जोडीपुढे दोन प्रकारचे प्रेक्षक बसले होते. ज्याने कादंबरी वाचली होती, त्याच्या मनात पात्रांचे चेहरे आधीच ठरलेले होते. पडद्यावरचे चेहरे त्याला भाडेकरूंसारखे वाटले. ज्याने वाचली नव्हती, त्याला तेच चेहरे घरचे वाटले. दोघेही खरे बोलत होते. फक्त पहिल्याने आपली तक्रार सांगताना एवढे जोडावे की, “मी आधी वाचले होते.” साक्षीदाराने आपण कोठे उभे होतो ते सांगितले, की साक्षीला वजन येते.

हे सारे सांगताना सामान्य प्रेक्षकाचे देव्हारे माजवण्याचा हेतू नाही. त्याच्या मताला मर्यादा आहेत. पोटात भूक असेल तर चांगला चित्रपटही लांबतो. मित्रांच्या घोळक्यात सुमार विनोदही उत्तम वाटतो. अपेक्षा वाढवून ठेवली की अर्धा आनंद तेथेच संपतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ साली तो चित्रपटगृहांत आला, न्यायालयातील कंटाळवाणी दिरंगाई त्याने तिच्याच संथ गतीने दाखवली होती. “काही घडतच नाही,” असे म्हणणाऱ्याने नेमके चित्रपटाचे मर्मच सांगितले होते, पण तक्रार म्हणून. अशा वेळी एक प्रश्न स्वतःला विचारणे हिताचे असते: कंटाळा आला तो चित्रपटाचा, की त्याने दाखवलेल्या वस्तुस्थितीचा?

यापेक्षा मोठा धोका अलीकडचा आहे. पूर्वी चित्रपट आधी आणि मत नंतर, असा क्रम होता. आता भ्रमणध्वनीवर पहिल्या खेळाच्या मध्यंतरातच पाचपैकी किती तारे हे ठरून जाते, आणि संध्याकाळच्या खेळाला जाणारा माणूस मत खिशात घालूनच खुर्चीत बसतो. ऐकीव साक्ष न्यायालयात सहसा ग्राह्य धरत नाहीत. घराघरांतील दिवाणखान्यांत मात्र तिचेच राज्य सुरू झाले आहे. न पाहिलेल्या चित्रपटावर तावातावाने बोलणारा माणूस खोटे बोलतो असे नाही. तो दुसऱ्याचे बोलतो. त्यामुळे हानी होते ती त्याच्याच रसिकतेची. स्वतःला काय आवडले हे शोधण्याची सवय मोडली, की आवडणेही मंदावते.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा गावांतील मराठी माणसाच्या बाबतीत या प्रामाणिक मताला आणखी एक मोल आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी चित्रपटाच्या वाट्याला खेळ थोडे येतात, तेही अनेकदा अडनिड्या वेळी. पहिल्या खेळाला गेलेल्या माणसांनी शेजारीपाजारी काय सांगितले, यावर पुढचा खेळ भरणार की नाही हे ठरते, आणि तो भरला नाही तर पुढचा चित्रपट गावात यायला कचरतो. म्हणून भाषेच्या प्रेमापोटी वाईटाला चांगले म्हणणेही तितकेच घातक. एकदा फसलेला शेजारी दुसऱ्यांदा येत नाही. २००४ साली ‘श्वास’ आला, तेव्हा त्याच्यापाशी ना नाचगाणी होती ना बडे तारे. दृष्टी गमावणारा एक लहान मुलगा आणि त्याचे आजोबा, एवढेच होते. पुरस्काराने त्याची बातमी झाली, पण पाहून आलेल्यांनी “जाच” असे सांगितले, म्हणून घरे उठून चित्रपटगृहांत गेली.

आता मूळ मुद्दा. ही सारी साक्ष जाते कोठे? भारतात मूकपटांच्या काळात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. त्यांतील फार थोडे आज शिल्लक आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली. तोवर कितीतरी फिती जळून, कुजून गेल्या होत्या. फितींची ही कथा, मग मतांची काय गत! १९२७-२८ साली रंगाचारी समितीने देशभर फिरून चित्रपटांविषयी साक्षी घेतल्या आणि त्या छापल्या. अभ्यासकांना आजही त्यांचा आधार आहे. पण त्या साक्षी मुख्यतः अधिकारी, शिक्षक, व्यावसायिक अशा प्रतिष्ठितांच्या. स्वस्त तिकीट काढून पुढे बसणाऱ्याला काय वाटले, ते त्याच्याबरोबर गेले. ज्या आजीने ‘कुंकू’ पहिल्या खेळाला पाहिला, तिला नीरेचे बंड पटले होते की नव्हते? ते कोणी लिहून ठेवले नाही. आता विचारायलाही कोणी उरले नाही.

ग्रंथालयाचे काम नाहीसे होणारे जपण्याचे आहे. शताब्दीच्या निमित्ताने इमारतीला रंग लागेल, नवी कपाटे येतील. त्याबरोबर देवघेवीच्या टेबलावर एक साधी रेघी वही ठेवता येईल. चित्रपट पाहून आलेल्या सभासदाने तीत पाच गोष्टी लिहाव्या: चित्रपटाचे नाव व पाहिल्याची तारीख, कोठे आणि कोणाबरोबर पाहिला, मूळ पुस्तक वाचले होते की नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी काय आठवत होते, आणि तो कोणाला पाहायला सांगावासा वाटतो. तारे नकोत, गुण नकोत. चौथी नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण रात्री सगळेच चित्रपट आठवतात. सकाळपर्यंत टिकते तेच खरे मत. खर्च वहीचा आणि दोरीने बांधलेल्या पेनाचा.

दहा वर्षांत अशा वह्यांचा एक कप्पा भरेल. तेव्हाचे सभासद त्या चाळतील, हसतील, कोठे आपल्या वडिलांचे अक्षर ओळखतील, आणि एखाद्या विसरलेल्या चित्रपटापुढे लिहिलेली एक ओळ वाचून तो शोधायला निघतील. भरताने ज्या प्रेक्षकाच्या हातात प्रयोगाची सिद्धी सोपवली, त्याच्या हातात लेखणीही द्यावी, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे. ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाला मनःपूर्वक शुभेच्छा.