फिट येते, पण एमआरआय नॉर्मल



जळगावात किंवा धुळ्यात मेंदूविकारतज्ज्ञांच्या ओपीडीबाहेर बसलेल्या अनेकांच्या मांडीवर एक फुगलेली पिशवी असते. पाचोऱ्याहून, शिरपूरहून, साक्रीहून पहाटेच्या एसटीने ही मंडळी आलेली असतात. पिशवीत जुन्या चिठ्ठ्या, ईईजीचे कागद आणि एमआरआयची मोठी फिल्म असते. रिपोर्टच्या शेवटी ‘नॉर्मल’ असे लिहिलेले असते आणि घरी मात्र मुलाला आठवड्यातून दोनदा फिट येते. दोष दिसतच नाही, मग इलाज कशावर करायचा? आजचे बोलणे या प्रश्नाबद्दल आहे.

अपस्मार, म्हणजे मिरगी, जगात सुमारे ५ कोटी लोकांना आहे. वेळेवर निदान झाले आणि औषध न चुकता घेतले, तर त्यांतल्या साधारण ७० टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्यांचे काय? नीट निवडलेली दोन औषधे योग्य मात्रेत घेऊनही फिट येत राहिल्या, तर तो औषधाला दाद न देणारा अपस्मार समजावा, असे या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली ठरवून दिले. अशा रुग्णाच्या घरात तो चुलीपाशी बसला, विहिरीवर गेला, मोटारसायकलवर मागे बसला की बाकीच्यांचा जीव टांगणीला लागतो. तिसरे, चौथे, पाचवे औषध बदलण्यात वर्षे निघून जातात. वास्तविक दुसरे औषध लागू पडले नाही, की शस्त्रक्रियेसाठी तपासणी सुरू व्हायला हवी.

डोक्याचे ऑपरेशन म्हटले की वडीलधारी मंडळी धास्तावतात. पण हा उपचार आपल्या देशाला नवा नाही. डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९५२ साली अपस्मारावर शस्त्रक्रिया केली. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत १९९५ पासून त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी औषधाला दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा अभ्यास करून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शस्त्रक्रिया झालेल्या गटातली ७७ टक्के मुले वर्षानंतर फिटमुक्त होती. फक्त औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांच्या हातापायांत कमजोरी आली, हेही त्या अभ्यासात नोंदवले आहे. म्हणूनच फिट जिथून उठते तो मेंदूचा भाग नेमका किती काढायचा आणि कुठे थांबायचे, हे आधी पक्के करावे लागते.

इथेच एमआरआय आणि संगणक मदतीला येतात. लहान वयात सुरू होणाऱ्या हट्टी अपस्माराचे एक मोठे कारण म्हणजे फोकल कॉर्टिकल डिस्प्लेझिया. बाळ पोटात असताना मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एखाद्या ठिकाणी नीट रचल्या जात नाहीत आणि पुढे तिथूनच फिट उठते. हा थर जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाडीचा असतो. दोषाच्या जागी तो किंचित जाड होतो, करडा आणि पांढरा भाग यांची सीमा पुसट होते. बऱ्याचदा हे सगळे मेंदूच्या एखाद्या घडीच्या तळाशी दडलेले असते. केळ्याचे जाड काप केले तर आतला बारीक डाग राहून जातो. पाच मिलिमीटर जाडीच्या कापांनी काढलेल्या एमआरआयचे तसेच होते.

हे दोष हुडकण्यासाठी लंडनच्या संशोधकांच्या पुढाकाराने ‘मेल्ड’ हा प्रकल्प उभा राहिला. वेगवेगळ्या देशांतल्या २३ केंद्रांमधून १,१८५ जणांचे एमआरआय गोळा झाले. त्यांत ७०३ जणांना हा दोष होता, बाकीचे तुलनेसाठी होते. संगणक मेंदूच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी थराची जाडी, घडीची खोली, करड्या-पांढऱ्या सीमेचा ठळकपणा मोजतो. जिथे मोजमाप वेगळे पडते, ती जागा तो रंगवून दाखवतो आणि ती का निवडली तेही सांगतो. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटलेल्या दोषांपैकी ६४ टक्के दोष या प्रणालीने शोधले.

तरीही तिच्या एकटीच्या भरवशावर कोणी कवटी उघडत नाही. तिने दाखवलेल्या साधारण तीन जागांपैकी एक चुकीची निघते. म्हणून रुग्णाला दाखल करून व्हिडिओ-ईईजीवर प्रत्यक्ष फिट टिपतात, गरज पडल्यास पेट स्कॅन करतात. बोलण्याचे आणि हालचालीचे भाग कुठे आहेत हे फंक्शनल एमआरआयवर पाहतात. सगळ्या तपासण्या एकाच जागेकडे बोट दाखवू लागल्या, तरच सर्जन पुढे जातो.

प्रत्येक फिटमागे असा जन्मजात दोष असतोच असे नाही. आपल्याकडे टेपवर्मची अंडी अस्वच्छ पाण्यातून किंवा न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात, मेंदूत गाठ होते आणि तिच्यामुळेही फिट येते. तिच्यावर बहुतेक वेळा औषधेच पुरतात. म्हणजे आधी कारण शोधणे महत्त्वाचे.

खानदेशातल्या कुटुंबांनी यातून काय करावे? एमआरआय काढताना तो ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ने, पातळ कापांचा काढायचा आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. फिल्मबरोबर सीडी मागून घ्या आणि जपून ठेवा. संगणकाला तीच लागते, फिल्मवरून त्याला ही मोजणी करता येत नाही. फिट येताना मोबाइलवर चित्रण करा. मुंबईच्या केईएमसारख्या रुग्णालयात जाण्यापूर्वी सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा.

मुलीचे लग्न मोडेल म्हणून आजार लपवणारी घरे आजही आहेत. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराची आडकाठी १९९९ सालीच काढून टाकली आहे. तेव्हा आजार लपवू नका, भगताकडे आणि गंड्यादोऱ्यात वेळ घालवू नका. दोन औषधे घेऊनही फिट थांबत नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: आमच्या मुलाची शस्त्रक्रियेसाठी तपासणी करता येईल का?