नोकरी सोडून घरात मांडलेला धंदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



कामगार वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्याला अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. दहापंधरा वर्षे नोकरी झालेला माणूस विचारतो, "राजीनामा देऊन घरीच काहीतरी सुरू करू का?" हाती थोडी रक्कम येणार असते, घरात बायको कष्टाळू असते, आणि मुकादमाची बोलणी खाऊन जीव विटलेला असतो. या प्रश्नाला जुने कार्यकर्ते एक ठरावीक उत्तर देतात. 'छोटा मालक होण्याचे हे मध्यमवर्गीय स्वप्न आहे', असे म्हणून ते प्रश्न झटकून टाकतात. हे उत्तर चुकीचे आहे, आणि काहीसे निष्ठुरही आहे. ज्याने बदली कामगार म्हणून गिरणीच्या दारात रोज सकाळी उभे राहून आज काम मिळते की नाही याची वाट पाहिली, त्याला नोकरीच्या प्रतिष्ठेवर प्रवचन देण्याचा अधिकार कोणालाच नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नोकरी सोडणे वेगळे आणि नोकरी सुटणे वेगळे. मुंबईच्या गिरण्यांत 1920 च्या दशकात दर पाच कामगारांत सुमारे एक स्त्री होती. वाइंडिंग आणि रीलिंग ही खाती मुख्यतः स्त्रियांची होती. पुढे यंत्रे बदलली, रात्रपाळीला स्त्रियांना मनाई झाली, बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा 1929 साली आला, तेव्हा स्त्रियांना ठेवणे मालकांना परवडेनासे झाले. हक्क देण्यापेक्षा माणूसच कमी करणे मालकांना स्वस्त वाटले. संपाच्या काळापर्यंत गिरण्यांत स्त्रिया नावापुरत्या उरल्या होत्या. या स्त्रिया घरी गेल्या खऱ्या, पण बसल्या मात्र नाहीत. त्यांपैकी कित्येकींनी चूल मोठी केली आणि खाणावळ घातली.

गिरणगावातील ही खाणावळ म्हणजे घरगुती धंद्याचा उत्तम नमुना होय. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे एकटे पुरुष गिरणीत येत. गाळ्यातील एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी राहत आणि जवळच्या बाईकडे महिन्याच्या बोलीने जेवत. आता या व्यवहारातील पैशाची वाट पाहावी. कामगार महिनाभर जेवणार आणि पगार झाल्यावर पैसे देणार. तोवर बाईने पीठ, डाळ, तेल, रॉकेल आणायचे कोठून? वाण्याकडून उधारीवर, नाहीतर सावकाराकडून जबर व्याजाने. गिरणीमालक आधी काम करून घेई आणि मागाहून पगार देई. मधल्या दिवसांत कामगाराला जगवण्याचे भांडवल ही बाई पुरवीत होती. म्हणजे गहाण पडलेल्या तिच्या मंगळसूत्रावर गिरणीचे चाक फिरत होते. तिचे नाव मात्र गिरणीच्या कोणत्याही वहीत नव्हते आणि, खरे सांगायचे तर, बराच काळ युनियनच्या वहीतही नव्हते.

ही उणीव प्रेमा पुरव यांनी ओळखली. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत वाढलेल्या या कार्यकर्तीने 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. 1969 साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झालेले होते आणि 1972 पासून गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना कागदावर होती. खाणावळवाल्या बायांचे गट करून, त्यांना एकमेकींसाठी जामीन ठेवून, ती योजना कागदावरून चुलीपर्यंत आणण्याचे काम मंडळाने केले. सावकाराचा पाश सुटला, एवढ्यानेच त्या धंद्यात राम आला. चूल, घर आणि स्वयंपाक करणारे हात तेच राहिले होते. बदल झाला तो फक्त भांडवल कोणाकडून आणि कोणत्या अटीवर येते यात. घरगुती धंद्याबद्दल बोलताना उद्यमशीलता, जिद्द, कल्पकता यांची फार वर्णने होतात. त्या गुणांची गिरणगावच्या बायकांत कधीच वाण नव्हती.

पण या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. संप लांबला तसा कामगार गावाकडे गेला, आणि जेवणारा गेल्यावर खाणावळही थंडावली. घरगुती धंदा स्वतंत्र असतो असे म्हणतात, परंतु तो गिऱ्हाइकाच्या पगारावर उभा असतो. कारखाना बंद पडला की भोवतालच्या शंभर चुली बंद पडतात.

त्याच संपाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांचे कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेतले जात होते. छाप गिरणीचा, माग दुसऱ्याचा. भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत दोनचार माग घालून बसलेला माणूस स्वतःला मालक समजतो, आणि कागदोपत्री तो मालकच असतो. सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आणि भाव ठरवणाराही व्यापारीच. विणकराकडे राहते ती मजुरी, विजेचे बिल आणि मागाचा आवाज. मालेगावच्या कित्येक घरांत माणसे आणि माग एकाच छपराखाली राहत आली. अशा घरात आठ तासांचा दिवस कोणी मोजायचा? मालक आणि मजूर एकाच देहात असल्यामुळे तक्रार ऐकायलाही कोणी उरत नाही.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसासमोर कार्यकर्त्याने सिद्धान्त मांडण्यापेक्षा कागद आणि पेन्सिल घेऊन बसावे. एका बाजूस मस्टरवरचे नाव लिहावे. त्या नावाला काय काय लटकलेले आहे ते मांडावे: प्रॉव्हिडंट फंड, राज्य विमा आणि त्याचे इस्पितळ, पाच वर्षांनंतर मिळणारी, दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा. दुसऱ्या बाजूस धंद्याचा हिशेब मांडावा, आणि तो मात्र खरा मांडावा. शिलाईची दोन यंत्रे घेऊन काज-बटणाचे जॉबवर्क करायचे ठरले, तर दोरा कोणाचा, सुई मोडली तर खर्च कोणाचा, माल नापास झाला तर नुकसान कोणाचे, हे विचारावे. खोलीतील दहा बाय बारापैकी निम्मी जागा यंत्रांनी अडवली, तर त्या जागेचे भाडे धंद्याने घराला द्यायला हवे की नको? बायकोचे सहा तास आणि शाळेतून आलेल्या मुलीचे दोन तास कोणत्या रकान्यात लिहायचे? बहुतेक हिशेबांत हा रकानाच नसतो, म्हणून धंदा फायद्यात दिसतो. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन घरी आलेल्या अनेकांचे पैसे वर्षादोनवर्षांत लग्नकार्यात, औषधपाण्यात आणि अशाच चुकीच्या हिशेबात विरून गेले.

हिशेब करूनही एखाद्याने नोकरी सोडली, तर तो चुकला असे समजण्याचे कारण नाही. घरात आजारी माणूस असेल, नोकरीच कंत्राटी असेल, मस्टरवर नाव असून नसल्यासारखे असेल, तर घरचा धंदा शहाणपणाचाही ठरतो. तेव्हा प्रश्न उरतो तो एकट्याने करायचा की मिळून करायचा एवढाच. 1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन एका गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. तेथे पीठ मळणे, विकणे आणि छाप हे सर्व सामाईक आहे. घरी होते ते फक्त लाटणे. भगिनी सभासद आहेत आणि धंद्याच्या मालकही आहेत. लाटणाऱ्या बाईला बाजारात एकटीने उभे राहावे लागत नाही, हे या रचनेचे मर्म होय.

सगळ्याच धंद्यांत अशी संस्था निघणार नाही. तेथे कायदा लागेल, आणि असा कायदा होऊ शकतो हे विडी कामगारांनी दाखवून दिले आहे. सोलापूर, सिन्नर, नगरकडे बाई तेंदूपाने आणि तंबाखू घरी नेते, पाने भिजवून कापते, विड्या वळते आणि हजारी दराने मोजून देते. ती नोकर नव्हेच, असे कारखानदार म्हणत. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले, आणि 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. 1976 पासून विडीवर कल्याण उपकर बसला. त्यातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या निघाल्या. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत झाली, ती याच चळवळीच्या बळावर. 2017 साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. मोर्चे पन्नास वर्षांचे, आणि पुसायला एक दुरुस्ती पुरली. त्याची चर्चा वर्तमानपत्रांत फारशी झाली नाही.

महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदाही आहे. हमालाला ठरावीक मालक नसतो. तरीही मंडळाने टोळी आणि मालक दोघांची नोंद केली, मजुरीवर लेव्ही लावली, आणि त्यातून फंड, रजा, औषधोपचार दिला. घरात काज-बटण करणारीला, अगरबत्ती वळणारीला हेच का लागू होऊ नये? माल देणारा व्यापारी अदृश्य नसतो. त्याचा टेम्पो आठवड्यातून दोनदा गल्लीत येतो. 1996 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामाविषयीचा 177 क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरी बसून काम करणाऱ्यांची व्याख्या आहे, आणि असंघटितांसाठी योजना आखण्याचे काम सरकारवर सोपवले आहे. मात्र पैसा कोणी आणि किती द्यायचा, हे योजना निघेल तेव्हा ठरायचे आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने या पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीतील एकेका गल्लीची वही करावी. कोणत्या घरात कोणते काम चालते, माल कोण देतो, दर काय, नापास किती होतो आणि पैसे किती दिवसांनी मिळतात, एवढे पाच रकाने पुरेत. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गेल्यास बायका घरी भेटतात. टेम्पोचा नंबर सहाव्या रकान्यात लिहावा.