संगणकावर २४ बिटांचा आवाज : कडी कुठे तुटते?



मी सैन्याच्या सिग्नल्स कोअरमधून निवृत्त झालेला अधिकारी. महूला आमच्या कोअरचे कॉलेज आहे. तिथे नोकरीत दोनदा राहणे झाले आणि निवृत्तीनंतर जवळच इंदूरला घर केले. आजचा विषय घरातूनच आला आहे.

माझी आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. जाते केव्हाच गेले होते, पण ओव्या पाठ होत्या. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी माझ्या पुतणीने हातात मावणारा रेकॉर्डर आणून स्वयंपाकघरात तासभर ध्वनिमुद्रण केले. रेकॉर्डर २४ बिट, ४८ हजार हर्ट्झवर होता. आवाज फाटू नये म्हणून पोरीने पातळी फारच खाली ठेवली. आईचा आवाज मुळात बारीक, त्यात रेकॉर्डर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला.

वर्षश्राद्धाला सगळे जमले तेव्हा पुतण्याने आपल्या संगणकावर ती फाईल लावली. आवाज अगदी दबका. त्याने स्पीकरचे बटण पूर्ण फिरवले, तर ओवीबरोबर वाळू चाळल्यासारखी खरखर येऊ लागली. तो म्हणाला, "काका, रेकॉर्डिंगच बिघडलंय. बरे तुकडे तेवढे एमपी३ करून ठेवतो, बाकीचं काढून टाकू. जागा तरी वाचेल."

मी म्हटले, "थांब. आधी निरोप कुठे अडलाय ते बघू."

आमच्या कामात पहिला धडा हाच असतो. संदेश चार चौक्यांतून जात असेल आणि तिसऱ्या चौकीवरच्या माणसाने तो अर्धाच लिहून घेतला, तर चौथ्याकडे कितीही भारी सेट असून उपयोग नाही. दोष पहिल्या माणसाच्या माथी मारण्याआधी प्रत्येक चौकी तपासायची.

आता बिट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ध्वनीच्या लाटेची उंची संगणक सेकंदाला हजारो वेळा मोजतो. किती वेळा मोजतो, तो सॅम्पल रेट. प्रत्येक मोजमापाची पट्टी किती बारीक, ती बिट डेप्थ. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर १६ बिट असतात, म्हणजे पट्टीवर ६५,५३६ रेघा. २४ बिटांत त्या १,६७,७७,२१६ होतात. एक बिट वाढला की रेघा दुप्पट होतात आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत मंद आवाजातले अंतर साधारण ६ डेसिबलने वाढते. १६ बिटांना सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटांना हिशेबाने १४४.

हिशेबाने म्हणतो, कारण तारांचा आणि सुट्या भागांचा स्वतःचा सूक्ष्म गोंगाट असतोच. चांगल्यात चांगली यंत्रेही प्रत्यक्षात २०-२१ बिटांच्या आसपास थांबतात. आणि नीट पातळीवर मुद्रित केलेले गाणे ऐकायला १६ बिट पुरतात. जो कोणी सांगेल की २४ बिट केले की जुन्या सीडीत नवे सूर उमटतात, त्याचे ऐकू नका. फाईलमध्ये नाही ते सेटिंगमधून येत नाही.

तुम्ही म्हणाल, काका, या वयात आणि फायरिंग रेंजवर कान घालवून तुम्हाला काय फरक कळणार? प्रश्न रास्त आहे. वरच्या पट्टीतले बारीक आवाज मला आता ऐकू येत नाहीत. पण ते प्रकरण सॅम्पल रेटचे. बिट डेप्थचा प्रश्न मंद आवाजाचा आहे, आणि आमच्या फाईलमध्ये सगळाच आवाज मंद होता.

मी फाईल ऑडॅसिटीमध्ये उघडली. सर्वांत उंच लाट कमाल पातळीच्या ४८ डेसिबल खाली. ६ डेसिबलला एक बिट, म्हणजे वरचे ८ बिट रिकामे. २४ मधून ८ गेले तरी १६ उरतात, काही बिघडत नाही. पण वाटेत कोणी १६ वर कापले तर उरतात ८, म्हणजे ६५,५३६ ऐवजी २५६ रेघा.

आणि वाटेत नेमके तेच चालले होते. पहिली चौकी प्लेअर. त्याच्या आउटपुटच्या पानावर १६ बिट निवडलेले. दुसरी चौकी विंडोज. तिथेही साउंड कार्ड १६ बिटांवर. वर आणखी एक गंमत. मेसेजची टिणटिण मोठी वाजते म्हणून पुतण्याने संगणकातला आवाज कायमचा १२ डेसिबल उतरवून ठेवला होता. म्हणजे आणखी २ बिट गेले. राहिले ६ बिट, ६४ रेघा. स्पीकर पूर्ण फिरवल्यावर ऐकू येत होती ती या ६४ रेघांची खरखर.

आता दुरुस्ती. कागद-पेन्सिल घ्या.

विंडोजमध्ये साउंड सेटिंग्जमधून जुन्या पद्धतीची साउंडची खिडकी उघडा. प्लेबॅकमध्ये आपला स्पीकर किंवा हेडफोन निवडा, प्रॉपर्टीज, मग ॲडव्हान्स्ड. तिथे डिफॉल्ट फॉरमॅटची यादी दिसेल. २४ बिट निवडा आणि रेट फाईलचाच ठेवा. आमचा ४८ हजार होता. ९६ हजार किंवा १ लाख ९२ हजार दिसतात म्हणून हुरळू नका. त्याने फक्त संगणकाला फेरमोजणीचे काम लागते. बास वाढवणे, सराउंड वगैरे सुधारणा बंद करा.

यादीत २४ दिसतच नसेल तर त्या कार्डाचा ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्या. तरीही नाही दिसले तर कार्डाचीच मर्यादा समजा. इंटेलची हाय डेफिनिशन ऑडिओ ही पद्धत २००४ मध्ये आली, त्यामुळे बऱ्याचशा संगणकांत आज मदरबोर्डवरच २४ बिटांची सोय असते.

मग प्लेअर. फूबार२००० सारख्या प्लेअरच्या आउटपुट सेटिंगमध्ये बिट डेप्थ १६ असेल तर २४ करा. विंडोज व्हिस्टापासून वासापी नावाची सोय आहे. तिच्या एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये प्लेअर विंडोजच्या मिश्रणयंत्राला वळसा घालून थेट कार्डाशी बोलतो. तेवढा वेळ दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामचा आवाज येणार नाही. संगणक बिघडला असे समजून घाबरू नका.

लिनक्सवाल्यांना उबंटूसारख्या प्रणालीत वाजत असतानाच्या कार्डाची खरी स्थिती एका छोट्या मजकूर-फाईलीत वाचता येते. तिथे २४ ऐवजी ३२ दिसले तरी चालेल. २४ बिटांचे मोजमाप बहुधा ३२ च्या डब्यात ठेवूनच पाठवतात. १६ दिसले तर मात्र कुठेतरी कात्री लागते आहे. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये हेच काम होते.

शेवटची चौकी वायर. ब्लूटूथ स्पीकर आवाज आकसून पाठवतो, तिथे हा सगळा खटाटोप फुकट. वायरचा हेडफोन लावा. लॅपटॉपच्या छिद्रातून गुणगुण येत असेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा डॅक घ्या. आणि संगणकातला आवाज पूर्ण ठेवून स्पीकरच्या बटणाने कमी-जास्त करा. पण आधी बटण खाली आणा, मगच संगणकाचा वाढवा. क्रम चुकला तर कानाचे नुकसान होईल.

कोणी विचारेल, ऑडॅसिटीत आवाज वाढवून नवी प्रत का नाही केली? केली ना. नातेवाइकांना वाटायला तीच योग्य, कारण ती १६ बिटांवरही चांगली वाजते. पण ती प्रत २४ बिटांची मूळ फाईल शाबूत होती म्हणूनच निघाली. आमच्याकडे मूळ फाईलच काढून टाकायला निघाले होते, तेही सदोष वाटेने ऐकून.

तर, सगळे करून आम्ही पुन्हा बसलो. रेकॉर्डरचा स्वतःचा हलका सूं आवाज राहिला, तो जाणार नव्हता. वाळू मात्र गेली. बांगड्या ऐकू आल्या, कुकरची दूरची शिट्टी ऐकू आली. शेवटची ओवी संपली. याआधी तिथे फक्त खरखर होती, म्हणून पुतण्याने तेवढा भाग कापायला काढला होता. आता तिथे आईचा श्वास होता, आणि अगदी हळू आवाजात ती पुतणीला म्हणत होती, "झालं गं. आता बंद कर, चहा टाकते."

पुतण्या काही बोलला नाही. त्याने फाईलच्या दोन प्रती केल्या, एक माझ्याकडे दिली.

तुमच्याकडेही कुणाचा असा दबका आवाज पडून असेल. पुसण्याआधी एकदा सगळ्या चौक्या तपासा.

जय हिंद.