शाळांची तुलना : पट आणि प्रगती



तालुक्यातील शाळांचा आढावा घेताना पटसंख्येचा आकडा प्रथम पुढे येतो. पट वाढला की शाळा चांगली, घटला की शाळा मागे पडली, असा निष्कर्ष लगेच निघतो. परंतु पटावर किती मुले आहेत आणि त्या मुलांना काय येते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

ग्रामीण भारताच्या 'असर' पाहणीतून हे स्पष्ट होते. ६ ते १४ वयोगटातील शासकीय शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. कोविडच्या साथीनंतर, २०२२ मध्ये, ते ७२.९ टक्के झाले. याच काळात शासकीय शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०.९ वरून १६.३ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये पटाचे प्रमाण ६६.८ टक्क्यांवर उतरले, तर वाचनाचे २३.४ टक्क्यांवर गेले. पट वाढला तेव्हा वाचन घटले आणि पट उतरला तेव्हा वाचन सुधारले. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे आहे.

पट कोणत्या दिवशी मोजला, यालाही महत्त्व आहे. अनेक वर्षे ३० सप्टेंबरचा पट प्रमाण मानला गेला. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे मात्र त्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, कारखान्यांकडे निघतात. सप्टेंबरमध्ये भरलेला वर्ग पौषात अर्धा रिकामा दिसू शकतो. अशा शाळेची बारमाही बागायती गावातील शाळेशी केवळ पटावरून किंवा वर्षअखेरच्या गुणांवरून तुलना करणे अन्यायाचे ठरेल. किती मुले स्थलांतरित झाली आणि किती मुलांना हंगामी वसतिगृहामुळे गावातच राहता आले, हेही पाहिले पाहिजे.

लहान शाळांच्या बाबतीत टक्केवारी विशेष फसवी असते. वर्गात ४ मुले असतील तर एका मुलाच्या यशापयशाने निकाल २५ टक्क्यांनी बदलतो. ४० मुलांच्या वर्गात तोच फरक अडीच टक्क्यांचा असतो. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार २०२३ मध्ये पुढे आला, तेव्हापासून या हिशेबाला अधिकच गांभीर्य आले आहे. चुकीच्या तुलनेची किंमत शेवटी वाडीवस्तीवरच्या लहान मुलांना, विशेषतः मुलींना, लांबच्या पायपिटीने मोजावी लागेल.

मग तुलना करावी कशी? प्रत्येक शाळेपुढे चार नोंदी असाव्यात : पट, वर्षभराची सरासरी हजेरी, शिक्षकांची संख्या आणि वाचन-गणितातील प्रगती. सारख्या परिस्थितीतील शाळाच परस्परांशेजारी मांडाव्यात आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा कल पाहावा. प्रत्येक शाळेची गाठ प्रथम तिच्या स्वतःच्या गतवर्षाशी घालावी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. समितीत निम्म्या महिला असणेही आवश्यक आहे. या चार नोंदी समितीच्या बैठकीत वाचून दाखविल्या, तर आढावा कागदावर न राहता गावाचा होईल. शाळांची तुलना कोणाचा दोष काढण्यासाठी नसते; कोणत्या शाळेला कोणती मदत हवी, हे कळण्यासाठी ती असते.