डावीकडचे आकडे



गृहनिर्माण संस्थेचे खजिनदार असोत, बचत गटाच्या सचिव असोत की घरच्या लग्नाचा खर्च सांभाळणारे काका, हिशेब आता वहीऐवजी स्प्रेडशीटमध्ये जातो. तिथे मजकूर लिहिला की तो चौकटीच्या डाव्या कडेला लागतो आणि आकडा उजव्या. 1979 साली आलेल्या व्हिजिकॅल्कमध्ये हीच रीत होती, आजच्या एक्सेलमध्येही तीच आहे. कारण आपण शाळेत उभी मांडणी शिकलो तेच. एककाखाली एकक आणि दशकाखाली दशक आलं, की 950 आणि 12,500 यांतला फरक वाचण्याआधीच दिसतो.

तक्ता देखणा दिसावा म्हणून पुष्कळ जण सगळाच मध्यभागी आणतात. माझं सांगणं एवढंच, की ते बटण दाबण्याआधी जरा थांबा. नोंद कोणत्या कडेला आहे, यावरून संगणकाने तिला काय मानलं ते कळतं. सगळं मध्यभागी आणलं की ही खूण पुसली जाते.

समजा, देखभाल शुल्काच्या रकान्यात एकाने 2500 लिहिलं, दुसऱ्याने पावतीच्या सवयीने पुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ ओढली, तिसऱ्याने '2500 रु.' असं लिहिलं. आपल्या लेखी तिन्ही रकमा सारख्याच. एक्सेल मात्र पहिलीलाच आकडा समजतं. उरलेल्या दोन मजकूर ठरून डावीकडे जातात. खाली 'सम' सूत्राने बेरीज घेतली, तर साडेसात हजारांऐवजी अडीच हजारच येतात. सूत्र मजकूर मुकाट्याने वगळतं, तक्रार करत नाही. म्हणून चौकटीत फक्त आकडा लिहावा; रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर ते फॉरमॅटमधून द्यावं.

तारखेची गंमत याहून वेगळी. एक्सेलच्या लेखी तारीख हाही आकडाच, म्हणून ती उजवीकडे लागते. पण संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, तर तो महिना आधी वाचतो. आपण लिहिलेली 25/04/2024 त्याला उमगत नाही, कारण पंचविसावा महिना नाही; ती डावीकडे राहते. आणि 05/04/2024, म्हणजे आपली 5 एप्रिल, 4 मे होऊन उजवीकडे ऐटीत बसते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्याही तपासा. संगणकाच्या सेटिंगमध्ये प्रदेश भारत निवडा आणि तारखा पुन्हा भरा.

काही नोंदी मात्र अंकांत असूनही आकडे नसतात. बँकेचा खातेक्रमांक घ्या. दोन खातेक्रमांकांची बेरीज करून काय मिळणार? ज्याची बेरीज निरर्थक, तो मजकूर समजावा, आणि त्या रकान्याला भरण्यापूर्वीच 'टेक्स्ट' हा फॉरमॅट द्यावा. नाहीतर सुरुवातीचं शून्य गळतं. शिवाय एक्सेल आकड्याचे 15 अंकच सांभाळतं. सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. नंतर फॉरमॅट बदलून तो परत येत नाही.

उजवीकडे लावलेल्या रकमांनाही दशांश स्थळं सारखी लागतात. 1250 च्या खाली 980.50 आलं, तर रुपयांखाली पैसे येतात आणि उभी मांडणी मोडते. पूर्ण रकान्याला दोन दशांश स्थळं ठरवून द्या. रकमेच्या रकान्याचं शीर्षकही उजवीकडे घ्या. एरवी रुंद रकान्यात शीर्षक एका टोकाला आणि रकमा दुसऱ्या टोकाला जातात. आणि नाव थोडं आत सरकवायचं असेल, तर स्पेसबार दाबू नका, इंडेंटचं बटण वापरा. नावाआधी रिकाम्या जागा असल्या, की तेच नाव शोधणाऱ्या सूत्राला ते सापडत नाही.

तेव्हा श्रोतेहो, तक्ता भरून झाला की आधी रकमांच्या रकान्यावरून नजर फिरवा. डावीकडे रेंगाळलेला प्रत्येक आकडा दुरुस्त करा, मगच बेरीज घ्या. रंग आणि चौकटी त्यानंतर.