पडद्यामागच्या हातांना अभ्यासाची जोड

(एका युवक शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "मुलांना आयटीतल्या संधींबद्दल सांगा." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे तेही सांगता आलं असतं. पण माझी नोकरीतली काही वर्षं सिनेमाच्या व्हीएफएक्ससाठी लागणारी साधनं लिहिण्यात गेली. म्हणून आज मी नाटक-सिनेमाच्या तांत्रिक कलांबद्दल बोलणार आहे. नेपथ्य, प्रकाशयोजना, ट्रिक सीन, स्पेशल इफेक्ट्स. हे शिकायचं असतं, शिकता येतं, आणि आपल्यातल्या पुष्कळांना ते शिकायला हवं, असं मला वाटतं. का, ते सांगतो.

सुरुवात माझ्या मामूंपासून करतो. मामू सुतार. मुंबईत सिनेमाचे सेट उभारायचे. प्लायवुड, लाकडी पट्ट्या, खिळे आणि पीओपी एवढ्या सामानातून त्यांनी महाल केले, कोर्टं केली, एकदा तर अख्खं रेल्वे स्टेशन केलं. टीव्हीवर तो सिनेमा लागला की म्हणायचे, "तो जिना बघ, तो माझा." शेवटी नावांची यादी सुरू झाली की आम्ही भावंडं त्यांचं नाव शोधायचो. ते कधीच सापडलं नाही.

एकदा सेटवर काम करताना ते उंचावरून पडले आणि कंबर कायमची गेली. कंत्राटदाराच्या वहीत त्या दिवसाची नोंद होती, 'कारपेंटर ६'. सहा माणसं, नाव एकाचंही नाही. मग नुकसानभरपाई मागायची कोणाकडे? उपचाराचे पैसे नातेवाइकांनी जमवले.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मामूंनी माझी ड्रॉइंगची शीट पाहिली. कमान काढली होती, लंबवर्तुळाची. म्हणाले, "हे तर आम्ही दोन खिळे आणि दोरी लावून करतो." खरंच होतं. दोन खिळे म्हणजे दोन नाभी, दोरी म्हणजे ठरावीक अंतर. जी भूमिती मला परीक्षेसाठी शिकवली, ती त्यांच्या हातात होती. मला तिची पदवी मिळाली, त्यांना तिची रोजंदारी मिळाली.

सिनेमाच्या कामात आपली माणसं पहिल्यापासून आहेत. सुतार, वेल्डर, पेंटर, टेलर, जरीवाले, इलेक्ट्रिशियन. 'मुघल-ए-आझम' हा १९६० चा सिनेमा घ्या. त्यातला शीशमहाल १५० फूट लांब, ८० फूट रुंद आणि ३५ फूट उंच. काच बेल्जियमची, पण ती कापणारे, बसवणारे कारागीर फिरोजाबादचे. कलादिग्दर्शक एम. के. सय्यद. सेट तयार झाला आणि अडचण आली. हजारो आरशांतून दिवे थेट कॅमेऱ्यात चमकायला लागले. आरशांवर मेणाचा पातळ थर देण्यात आला आणि छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा थेट झोत टाळून कापडावरून परावर्तित झालेला मऊ प्रकाश वापरला. माथुर आणि सय्यद ही नावं आपल्याला माहीत आहेत. फिरोजाबादच्या त्या कारागिरांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही.

हाताचं काम करणारा आणि 'हे असं करू या' असं ठरवणारा, या दोघांमध्ये अंतर कशाने पडतं? काही प्रमाणात पैशाने, ओळखीने. पण अभ्यासानेही पडतं, आणि तेवढी एक गोष्ट आपल्या हातात आहे.

दादासाहेब फाळक्यांचंच बघा. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याआधी फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले, छायाचित्रण आणि छपाईचं काम केलं, जादूचे प्रयोग शिकले. १९१२ मध्ये लंडनला जाऊन सिनेमाचं तंत्र समजून घेतलं. एका रोपाचं उगवणं थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपून त्यांनी पडद्यावर दाखवलं. पुढे 'लंका दहन' आणि 'कालिया मर्दन'मध्ये लोकांनी चमत्कार पाहिले, त्यामागे ही सगळी वर्षं होती.

नाटकातही तेच. 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये आलं ते फिरत्या रंगमंचासह. एक प्रवेश प्रेक्षकांसमोर चालू असताना पुढचा मागे मांडून तयार. त्याच्या थोडं आधी, १९५९ मध्ये, कोलकात्यात उत्पल दत्त यांचं 'अंगार' आलं. कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि मजूर बुडतात, असा त्याचा शेवट. तापस सेन यांनी ते पाणी निव्वळ प्रकाशाने दाखवलं. आणि आपल्या पुण्यात १९२५ साली जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ पासून १९७७ पर्यंत दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा हा नाटकाचा शिस्तीने शिकायचा भाग आहे, हे त्यांनी तिथे रुजवलं.

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. घाबरू नका, बारावीपर्यंतचं गणित पुरेल.

१९३७ मध्ये 'ख्वाब की दुनिया' नावाचा सिनेमा आला. अदृश्य माणूस दाखवायचा होता. बाबूभाई मिस्त्री या तरुणाने वस्तू काळ्या दोऱ्याने हलवल्या, मागे काळा पडदा. काळ्यावर काळं कॅमेऱ्याला दिसत नाही. लोक बाबूभाईंना 'काला धागा' म्हणायला लागले. ट्रिक सीनचं मर्म एवढंच आहे, काय दाखवायचं आणि काय लपवायचं.

आज आपण काळ्याऐवजी हिरवा पडदा लावतो. हिरवाच का? एक तर माणसाच्या कातडीपासून तो रंग लांबचा आहे. दुसरं, बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल किंवा निळ्यापेक्षा हिरवे बिंदू दुप्पट असतात, त्यामुळे हिरव्याची माहिती जास्त बारकाईने मिळते. मग संगणक चित्रातल्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा यांच्याबरोबर चौथी संख्या देतो. तिला अल्फा म्हणतात. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली. अल्फा एक असेल तर पुढचं चित्र पूर्ण दिसतं, शून्य असेल तर मागचं. कसोटी लागते ती केसांच्या कडेला. तिथे अल्फा समजा ०.४ आहे, म्हणजे ४० टक्के केस आणि ६० टक्के मागचं आभाळ. ही संख्या चुकली की नटीच्या डोक्याभोवती हिरवी कड दिसते आणि प्रेक्षक हसतो.

सॉफ्टवेअरमध्ये बटन दाबलं की हे होतं. पण बटन दाबून कड नीट आली नाही तर का आली नाही, हे ज्याला कळतं त्याची नोकरी टिकते. म्हणून शिकायचं ते आधी चित्रकला, छायाचित्रण, प्रकाशाचं भौतिकशास्त्र, थोडं गणित. सॉफ्टवेअर त्यानंतर.

कुठे शिकायचं? पुण्याची एफटीआयआय १९६० पासून आहे, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत. तिथे छायालेखन, संकलन, ध्वनी यांच्याबरोबर कलादिग्दर्शनही शिकवतात. रंगमंचासाठी दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं. अॅनिमेशन आणि डिझाइनसाठी अहमदाबादची एनआयडी आणि आयआयटी मुंबईचं आयडीसी. चित्रकलेचा पाया पक्का करायला जे. जे. आहेच. या सगळ्या सरकारी संस्था आहेत आणि त्यांच्या प्रवेशपरीक्षा आहेत. आपल्या वस्त्यांमध्ये मुलांना नीट-जेईई तोंडपाठ असतं, या परीक्षांचं नावही माहीत नसतं.

खासगी इन्स्टिट्यूटच्या जाहिरातींना मात्र जपून. माझ्या चुलतभावाने कर्ज काढून एका ठिकाणी प्रवेश घेतला होता. 'शंभर टक्के नोकरी' असं लिहिलेलं होतं. वर्षभर त्याला बटनं शिकवली. नोकरी लागली ती रोटोची, म्हणजे चौकटीमागून चौकट माणसाची बाह्यरेषा कापायची. सिनेमाच्या एका सेकंदात २४ चौकटी. रोटो हे कमी दर्जाचं काम आहे असं मी म्हणत नाही, सगळे तिथूनच सुरू करतात. पण त्याला पुढची पायरी चढायला लागणारं काही शिकवलंच नव्हतं. पैसे भरण्याआधी ब्लेंडर डाउनलोड करा, ते फुकट आहे. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला 'फ्लो' हा लॅटव्हियाचा अॅनिमेशनपट ब्लेंडरवर केलेला आहे. सहा महिने स्वतः करून बघा. तरीही आवडलं, तर कोर्सचा विचार करा.

आणि दुसरं, हा धंदा निर्दय होऊ शकतो. 'लाइफ ऑफ पाय' मधला वाघ तुम्ही पाहिला असेल. तो करणारी मुख्य कंपनी रिदम अँड ह्यूज. तिची भारतातही कार्यालयं होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्या सिनेमाला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं. म्हणजे जगातलं सर्वोत्तम काम करूनही कामगाराच्या हातात काही राहील याची खात्री नाही. म्हणून नेमणुकीचं पत्र लेखी घ्या, ओव्हरटाइमची नोंद ठेवा, संघटना असेल तर तिचे सभासद व्हा. मामूंकडे यातलं काहीच नव्हतं.

घरी प्रश्न येतील, तेही बोलून टाकतो. पहिला येईल, "चित्रं, सिनेमा, हे आपल्यात चालतं का?" मी आलिम नाही, फतवा देणार नाही. एवढंच सांगतो, हजच्या अर्जावरही फोटो लावावा लागतो. तंत्र वाईट नसतं, आपण त्यातून काय दाखवतो याची जबाबदारी आपली असते. दुसरा प्रश्न मुलींबाबत येईल, "रात्रीचं काम, कसलं क्षेत्र ते!" नर्स झालेल्या मुलीही रात्री काम करतात आणि आपण त्यांच्याबद्दल अभिमानाने बोलतो. प्रश्न सुरक्षिततेचा असेल तर जाण्या-येण्याची सोय आणि तक्रार समिती आहे का, ते कंपनीला विचारा. मुलीचं शिक्षण थांबवणं हे त्यावरचं उत्तर नाही.

शेवटी एक घरचा अभ्यास देतो. महिनाभरात दहा सेकंदांची एक क्लिप करा. मोबाइल चालेल. एक वस्तू हवेत तरंगताना दाखवा, काळ्या दोऱ्याने करा किंवा ब्लेंडरमध्ये करा. दहा सेकंद म्हणजे २४० चौकटी, होईल. आणि शेवटी नावं टाका. तुमचं पूर्ण नाव, आणि ज्याने दोरा धरला, दिवा धरला, टेबल उचलून दिलं, त्या प्रत्येकाचं नाव. ती सवय पहिल्या क्लिपपासून लागू द्या.